पंचाची शिट्टी आणि आप्तसंबंध
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणिसांनी "क्रीडा आणि चारित्र्य" या विषयावर चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, तेव्हा आम्ही क्षणभर संकोचलो. या विषयावरील भाषणे बहुधा एकाच वळणाची असतात. खेळाने शरीर सुदृढ होते, अंगी शिस्त बाणते, पराभव पचविण्याची सवय लागते, हे सर्व खरे आहे. आणि आपण सर्वांनी ते शाळेतील निबंधांत लिहिलेही आहे. म्हणून आज आम्ही खेळाडूंविषयी बोलणार नाही. ज्याच्या गळ्यात कधी हार पडत नाही, परंतु ज्याच्या नावाने आरडाओरड मात्र नित्य होते, त्या पंचाविषयी बोलणार आहोत. त्यातही प्रश्न एकच घेणार आहोत: ज्या सामन्यात पंचाचे आपले माणूस खेळत असेल, त्या सामन्यात पंचाने काय करावे?

हा प्रश्न फुटबॉलच्या जन्माइतकाच जुना आहे. इंग्लंडमध्ये हा खेळ आरंभी शाळाशाळांतून खेळला जाई, तेव्हा पंचच नव्हते. सभ्य माणसे आपसांत तंटा मिटवतील, अशी समजूत होती. ती फार काळ टिकली नाही. मग प्रत्येक पक्षाने आपापला एक पंच नेमण्याची रीत पडली. परिणाम व्हायचा तोच झाला. दोन पंचांचे एकमत होईना, म्हणून मैदानाबाहेर तिसरा, कोणत्याच पक्षाचा नसलेला मनुष्य उभा करून त्याच्याकडे दाद मागण्याची सोय करण्यात आली. अखेर १८९१ साली त्या तिसऱ्या मनुष्यालाच मैदानात आणून सर्वाधिकार दिले गेले आणि पूर्वीचे दोघे पंच रेषेवर जाऊन निशाण दाखवू लागले. आज आपण ज्याला रेफरी म्हणतो, तो असा दोन्ही पक्षांच्या परस्पर अविश्वासातून निर्माण झालेला आहे.

तरीही गोष्ट एका दमात सुधारली नाही. १९३० साली उरुग्वे देशात पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तीत अर्जेंटिना व मेक्सिको यांच्या सामन्याला पंच म्हणून उभे होते उलिसेस सौसेदो. हे गृहस्थ त्याच स्पर्धेत खेळणाऱ्या बोलिव्हिया संघाचे शिक्षक होते! बोलिव्हियाचा संघ त्या गटात नव्हता हे खरे. तथापि स्पर्धेत उतरलेल्या एका संघाचा शिक्षक दुसऱ्या दोन संघांचा न्यायनिवाडा करतो, यात त्या काळी कोणाला फारसे वावगे वाटले नाही. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात उरुग्वे व अर्जेंटिना यांचा चेंडू कोणाचा घ्यावा यावरून वाद झाला. बेल्जियमचे पंच लांगेनुस यांनी तोड काढली: पूर्वार्ध अर्जेंटिनाच्या चेंडूने, उत्तरार्ध उरुग्वेच्या चेंडूने. मध्यंतराला अर्जेंटिना २-१ असा पुढे होता. अखेरीस उरुग्वेने ४-२ असा सामना जिंकला. चेंडू अर्धा अर्धा वाटता येतो. पंचाचे मन तसे वाटता येत नाही, ही खरी अडचण आहे.

क्रिकेटच्या इतिहासात याचे एक हृद्य उदाहरण आहे. यजमान देशाचे पंच यजमानांना झुकते माप देतात, अशी तक्रार सर्वत्र असे. १९८६ च्या नोव्हेंबरात लाहोर येथे पाकिस्तान व वेस्ट इंडीज यांचा कसोटी सामना झाला. त्या सामन्यास पाकिस्तानने पंच बोलाविले ते भारताचे: मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी. दोन देशांतील संबंध आपणांस ठाऊकच आहेत. तरी शेजाऱ्याच्या घरचा मनुष्य आपल्या अंगणात न्यायाला बसविण्याचा मोठेपणा तेथे दिसला. सामना पाकिस्तान हरला, परंतु पंचांमुळे हरलो असे म्हणण्यास जागा उरली नाही. पुढे १९९४ पासून कसोटीत एक आणि २००२ पासून दोन्ही पंच त्रयस्थ देशाचे असावेत, असा नियमच झाला.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. शिक्षकी पेशात असताना आम्ही पुष्कळ वर्षे आंतरशालेय फुटबॉल सामन्यांत शिट्टी वाजविली. काळ्या जमिनीची मैदाने, पावसाळ्याचे दिवस, बुटांना शेर-शेर चिखल, आणि कडेला दोन्ही गावांची माणसे. तालुक्याच्या ठिकाणी बाहेरून पंच आणावयाचा, तर त्याच्या एस.टी.च्या भाड्याचीच पंचाईत. म्हणून खेळणाऱ्या शाळांचे शिक्षकच बहुधा पंच होत. त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. आम्हांसही वाटत नव्हते.

१९९४ सालची गोष्ट. तालुक्याचा अंतिम सामना होता. आमच्या शाळेचा संघ पहिल्याच फेरीत बाद झालेला असल्याने पंचाचे काम आमच्याकडे आले. खेळणाऱ्या दोन संघांपैकी एकात आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा बचावफळीत खेळत होता. हे आम्हांस ठाऊक होते; संयोजकांस ठाऊक नव्हते. आम्ही सांगितले नाही. यात कपट नव्हते. आमच्या निःपक्षपातीपणावर आमचा गाढ विश्वास होता, एवढेच. आज वाटते, की तो विश्वास हाच आमचा पहिला दोष.

संयोजकांस ठाऊक नसले तरी प्रेक्षकांस ठाऊक होते. पहिली फ्री किक आम्ही भाच्याच्या संघास दिली, आणि कडेवरून आरोळी आली, "मामा पंच हाय, मामा!" सगळे मैदान हसले. त्या क्षणापासून आमच्या डोळ्यांपुढे चेंडू राहिला नाही, ती आरोळी राहिली. सामना संपण्यास थोडी मिनिटे उरली असता, दोन्ही बाजूंस गोल नसताना, प्रतिपक्षाच्या मुलाने दोन पावलांवरून मारलेला चेंडू पेनल्टी क्षेत्रात आमच्या भाच्याच्या हातावर आदळला. हात अंगालगत होता. तो मागे घेण्यास त्याला वेळही नव्हता. चेंडू जाणूनबुजून हाताळला तरच तो अपराध, असा त्या वेळचा नियम. आम्ही तो मुलांना शिकविलेला होता. तरीही आमची शिट्टी वाजली, आणि बोट गोलापासून बारा यार्डांवरील खुणेकडे गेले.

खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत पंचाला आपला निर्णय फिरविण्याचा अधिकार असतो. चेंडू खुणेवर ठेवला जाईपर्यंत आम्हांस पुरेसा अवधी होता. आम्ही फिरविला नाही. गोल झाला, आणि भाच्याचा संघ १-० असा हरला.

सामन्यानंतर लोकांनी आमची पाठ थोपटली. "वाहवा मास्तर, सख्ख्या भाच्यालाही सोडले नाही!" खोटे कशाला बोलावे? ती स्तुती आम्हांस गोड लागली. पुढे भाऊबीजेला बहिणीकडे गेलो. जेवण झाल्यावर मुलगा जवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "मामा, म्या हात नाही लावला. तुम्ही कोनाले भेले?"

बंधुभगिनींनो, या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. आपल्या माणसाला झुकते माप देणे हा अन्याय, हे सर्वांस कळते. परंतु आपण झुकते माप देत नाही हे लोकांना दाखविण्यासाठी आपल्याच माणसाचे माप मारणे, हाही तितकाच अन्याय आहे, आणि त्याला वर टाळ्या मिळतात म्हणून तो अधिक घातक. भाच्याचे तर राहू द्या, त्याच्या संघातील इतर दहा मुलांची जिल्ह्याला जाण्याची संधी आमच्या त्या शिट्टीने हिरावली. त्या दहा मुलांचे तर आम्ही मामाही नव्हतो.

तेव्हापासून आम्ही काही नियम पाळले. पहिला नियम असा, की नाते असेल तर ते सामन्यापूर्वी सांगावे. नंतर सांगितलेले नाते ही कबुली ठरते. आधी सांगितलेले ती केवळ माहिती असते. दुसरा, दुसरा पंच मिळत असेल तर आपण बाजूला व्हावे, आणि त्यात अपमान मानू नये. तिसरा, दुसरा पंच मिळतच नसेल, तर दोन्ही कर्णधारांस व त्यांच्या शिक्षकांस बोलावून सर्वांसमक्ष सांगावे, त्यांची संमती घ्यावी, आणि रेषेवर तरी त्रयस्थ माणसे उभी करावीत. चौथा, एवढे करून शिट्टी हाती घेतली, की मग नाते विसरावे. प्रेमासाठी नव्हे आणि भयासाठीही नव्हे, डोळ्यांना जे दिसले त्यासाठीच ती वाजवावी.

मोठ्या जगातही याच दिशेने पावले पडली आहेत. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पंचाला आपण कोणत्या क्लबाचे चाहते आहोत हे आधी नोंदवावे लागते. २०१६ च्या एप्रिलमध्ये केव्हिन फ्रेंड नावाच्या पंचाला टॉटनहॅमच्या सामन्यावरून दूर करण्यात आले. कारण त्यांचा लेस्टरशी संबंध होता, आणि त्या वर्षी अजिंक्यपदासाठी लेस्टर व टॉटनहॅम यांच्यात चुरस होती. त्यांनी काही अपराध केला होता काय? मुळीच नाही. त्यांच्यावर संशयाची सावली पडू नये म्हणूनच ते दूर झाले. याउलट, २०२५ च्या ऑक्टोबरात तुर्कस्तानच्या फुटबॉल संघटनेने तपास केला, तेव्हा ५७१ पंचांपैकी ३७१ जणांची सट्ट्याची खाती असल्याचे आढळले, आणि सुमारे दीडशे पंचांना निलंबित करावे लागले. जेथे आधी विचारले जात नाही, तेथे नंतर असे उघडे पडावे लागते.

आपल्या महाराष्ट्राला हा धडा परका नाही. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा रामशास्त्री प्रभुणे पेशव्यांच्याच पदरी न्यायाधीश होते. ज्याच्या हाती सत्ता त्या रघुनाथरावांसच त्यांनी दोषी ठरविले, आणि पद सोडून ते पुण्याबाहेर पडले. त्यांच्याविषयी आणखी एक आख्यायिका सांगतात. दक्षिणेच्या वाटपात त्यांचा भाऊ आला असता, शास्त्रीबुवांचा भाऊ म्हणून त्यास अधिक द्यावे, असे नाना फडणीसांनी सुचविले. शास्त्रीबुवा म्हणाले, की त्याच्या विद्येच्या मानाने इतरांस मिळते तेवढेच द्यावे. भाऊ म्हणून जे द्यावयाचे ते आम्ही घरी देऊ. सरकारी थैली आणि घरची थैली यांतील भेद याहून स्वच्छ कोणी सांगितला असेल, असे आम्हांस वाटत नाही.

आता अखेरचा मुद्दा, आणि तो सांगण्यासाठीच आम्ही आज उभे राहिलो आहोत. आपले मंडळ दरवर्षी होतकरू विद्यार्थ्यांस शिष्यवृत्ती देते. निवड समितीवर आम्ही अनेक वर्षे बसलो. यंदा आमच्या नातीचा अर्ज आला आहे. म्हणून यंदापुरते आम्हांस समितीतून मोकळे करावे, असे पत्र आम्ही अध्यक्षांस दिले. त्यावर काही स्नेही हसून म्हणाले, "गुरुजी, आपल्या ज्ञातीत कोण कोणाचा सोयरा नाही? असे सगळे उठू लागले तर समितीत उरणार कोण?"

प्रश्न रास्त आहे. ज्ञातिसंस्थेत जवळदूरचे नाते नसलेला मनुष्य शोधून सापडणार नाही. परंतु म्हणूनच नियमाची गरज येथे अधिक आहे. आमची नम्र सूचना अशी: अर्ज तपासताना नावे झाकून केवळ गुण व घरची परिस्थिती पाहावी. ज्याचे मूल, नातवंड, पुतण्या अथवा भाचा अर्जदार असेल, त्याने त्या वर्षी समितीवर बसू नये. आणि समितीत एक जागा दुसऱ्या समाजातील एखाद्या जाणत्या शिक्षकास द्यावी. ही तिसरी सूचना काहींस रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. ज्ञातीच्या घरात बाहेरचा पंच कशाला, असे ते विचारतील. लाहोरला भारताचे पंच चालले. आपल्या चार हजारांच्या शिष्यवृत्तीस शेजारच्या आळीतले गुरुजी का चालू नयेत?

आमच्या नातीला शिष्यवृत्ती मिळाली, तर ती आजोबांमुळे मिळाली असे कोणी म्हणू नये. न मिळाली, तर आजोबांनी लोकलाजेस्तव तिचे नाव खोडले, असे तिने म्हणू नये. एका मुलाने भाऊबीजेच्या दिवशी विचारलेला प्रश्न पुन्हा एकदा ऐकण्याचे बळ या वयात आमच्या अंगी नाही.

हा ठराव पुढील सर्वसाधारण सभेपुढे यावा, एवढी विनंती आहे.