सॉल्टेअर : गिरणीने वसविलेले गाव



उद्योगसंस्थेने समाजासाठी काय करावे, या प्रश्नाचा विचार करताना इंग्लंडमधील ब्रॅडफर्डजवळच्या सॉल्टेअर या गावाचा इतिहास कापडाच्या व्यवसायातील मंडळींनी तरी अवश्य जाणून घ्यावा.

टायटस सॉल्ट (१८०३-१८७६) हे मूळचे लोकरीचे व्यापारी. इतरांनी नाकारलेली अल्पाका लोकर त्यांनी घेतली, सुताचा ताणा व अल्पाकाचा बाणा घालून झळाळदार कापड विणले आणि त्यावर अमाप संपत्ती मिळविली. ब्रॅडफर्ड मात्र धुराने काळवंडले होते. १८४९ मध्ये तेथे पटकीने शेकडो माणसे दगावली. महापौर असताना सॉल्ट यांनी धूर कमी करणारी साधने बसविण्याचा आग्रह गिरणीमालकांकडे धरला. तो कोणी फारसा मानला नाही. (नफ्यातील वाटा मागितला की व्यापारी बहिरा होतो, हा अनुभव सार्वत्रिक असावा.)

अखेर त्यांनी आपला सारा कारखाना शहराबाहेर, एअर नदी, कालवा आणि लोहमार्ग यांच्या सान्निध्यात नेला. २० सप्टेंबर १८५३ रोजी, त्यांच्या पन्नासाव्या वाढदिवशी, ५४५ फूट लांबीची गिरणी सुरू झाली. सुमारे १२०० माग, आणि दिवसाला ३० हजार यार्ड कापडाची क्षमता! पुढे आठशेहून अधिक दगडी घरे, शाळा, रुग्णालय, वृद्धांसाठी घरे, वाचनालय व उद्यान उभे राहिले. मद्यगृहाला मात्र गावात थारा नव्हता.

तथापि घरे कंपनीची होती. काम गेले तर छप्परही जाण्याची भीती कामगाराच्या मनात असणारच. या उपकाराची ही बाजू वर्णनांतून सहसा वगळली जाते.

सॉल्ट यांच्या पश्चात अवघ्या सोळा वर्षांत, १८९२ मध्ये, कंपनी बुडाली व गिरणी इतरांच्या हाती गेली. १९३३ मध्ये घरे विकली गेली आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये यंत्रे कायमची थांबली. मुंबईच्या गिरणगावात १९८२ च्या संपानंतर जमिनीचा भाव गिरणीहून मोठा ठरला. अनेक ठिकाणी खुणेला धुराडे तेवढे उरले. सॉल्टेअरचेही तसेच व्हायचे, परंतु १९८७ मध्ये जोनाथन सिल्व्हर या ब्रॅडफर्डच्याच कपडेव्यापाऱ्याने ती ओसाड वास्तू विकत घेतली. एका दालनात त्यांनी ब्रॅडफर्डमध्येच जन्मलेल्या डेव्हिड हॉकनी यांची चित्रे विनामूल्य पाहण्यास ठेवली. उरलेली जागा दुकानांना व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या उद्योगाला दिली. म्हणजे वास्तू देणगीवर नव्हे, व्यवहारावर उभी राहिली. हा हिशेब जुन्या मालकाच्या औदार्याइतकाच मोलाचा आहे.

सिल्व्हर १९९७ मध्ये, पन्नाशीही न गाठता, निवर्तले. २००१ मध्ये युनेस्कोने गावाला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला, तो पाहण्यास ते नव्हते. गिरणीचा कारभार पुढे त्यांच्या कुटुंबीयांनी सांभाळला.