एका मिनिटावरचा सांधा

बीटल्सचं 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' मी कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. त्यातला सांधा कळायला मात्र वीस वर्षं लागली. आणि एकदा कळला, तो कानातून जाईना!

श्रोतेहो, हे एक गाणं नव्हे, दोन ध्वनिमुद्रणं आहेत. १९६६ च्या अखेरीस लंडनच्या ॲबे रोडवरील स्टुडिओत ती झाली. एक हळुवार, दुसरं जलद, वरच्या पट्टीतलं, ट्रम्पेट आणि चेलोंनी भरलेलं. जॉन लेननला पहिल्याची सुरुवात आवडली आणि दुसऱ्याचा शेवट. जोडा म्हणाला दोन्ही! निर्माते जॉर्ज मार्टिन यांची अडचण साधी होती. पट्टी वेगळी, लयही वेगळी.

आज संगणकावर या दोन गोष्टी स्वतंत्रपणे बदलता येतात. टेप हळू फिरवली, की लयीबरोबर सूरही उतरतो. पण नशीब असं, की जलद मुद्रणच वरच्या पट्टीत होतं. ते थोडं हळू फिरवल्यावर दोन्ही फरक एकदमच मिटत आले. मग मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांनी टेप कापून जोडली.

घड्याळ लावून ऐका. साधारण एका मिनिटावर चेलो येतात आणि लेननचा आवाज जड, झोपाळलेला होतो. तो तसा गायला नव्हता. टेपने त्याला तसं केलं. मला तर गाण्याची सगळी गुंगी या तडजोडीतच वाटते. पुढे जॉर्ज हॅरिसनने छेडलेलं स्वरमंडळही झंकारतं, हो, आपलंच.

लेननचं समाधान मात्र झालं नाही. हे गाणं पुन्हा मुद्रित करायला हवं, असं तो पुढे मार्टिनना म्हणाला होता.