रक्तातलं काय?

गोदीत मुकादम म्हणतो, ओझं उचलणं तुमच्या रक्तातच आहे. माझ्या खांद्याला घट्टे पडलेत; पोरगा मऊ खांद्याचाच जन्मला. कमावलेलं पोटी उतरत नाही. उतरतात जनुकं. अर्धी आईची, अर्धी बापाची, पत्ते पिसून वाटावीत तशी. म्हणून सख्खे भाऊही सारखे नसतात. १९७२ मध्ये रिचर्ड लेवॉन्टिननं दाखवलं, माणसांच्या जनुकांतला सुमारे ८५ टक्के फरक एकाच समूहाच्या आत असतो.

त्याआधी कवट्या मोजायचे. तुमच्या पुण्याच्या इरावती कर्वे १९२० च्या दशकाअखेरीस बर्लिनला शिकत होत्या. गुरू ऑयगेन फिशर, पक्का वंशवादी. गोऱ्यांची कवटी निराळी, म्हणून अक्कल जास्त, हा त्याचा दावा. बाईंनी मोजलं. वंशाचा संबंध सापडला नाही, आणि प्रबंधात तसंच लिहिलं. गुरूच्या तोंडावर! १९३३ मध्ये, नाझी सत्तेवर आल्यावर, तोच फिशर बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू झाला.