धनी बदलणारी पलटण

म्हैसूरजवळ श्रीरंगपट्टण येथे कावेरीच्या काठी एक जुने लष्करी दफनस्थान आहे. टिपू सुलतानाचा पाडाव झाल्यावर तेथे जी गोरी शिबंदी राहिली, तिच्यातील अधिकारी, शिपाई आणि त्यांची बायकामुले या जागी चिरविश्रांती घेत आहेत. तेथील शिलालेख वाचू लागले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. इंग्रजी नावांच्या बरोबरीने काही नावे फ्रेंच आणि जर्मन वळणाची आढळतात. टिपूच्या पदरी मूठभर फ्रेंच होते, हे खरे. परंतु ही थडगी त्यांची नव्हेत. टिपूच्या तटावर चालून गेलेल्या इंग्रजी फौजेत जी ‘द म्यूराँ’ नावाची पायदळ पलटण होती, तिच्यातील माणसांची ती आहेत. ही पलटण मुळात इंग्रजांविरुद्ध लढण्याकरिता उभारलेली होती. ती इंग्रजांच्या निशाणाखाली कशी आली, हा या पलटणीच्या इतिहासातील सर्वांत मननीय भाग होय.

युरोपच्या मध्यभागी आल्प्स आणि जुरा या पर्वतांच्या आश्रयाने राहणाऱ्या स्विस लोकांनी कित्येक शतके शिपाईगिरी हाच एक धंदा मानला होता. जमीन थोडी, हिवाळा दीर्घ आणि घरात खाणारी तोंडे पुष्कळ. तेव्हा धाकट्या मुलाने परमुलखात जाऊन तलवार चालवावी आणि जमल्यास चार पैसे घेऊन परतावे, ही तेथील रीतच होती. फ्रान्सचे राजे, स्पेनचे राजे, रोमचे पोप आणि हॉलंडचे व्यापारी या सर्वांच्या पदरी स्विस पलटणी असत. अशा चाकरीच्या करारनाम्याला ‘कॅपिट्युलेशन’ म्हणत. आज या शब्दाचा अर्थ शरणागती असा होतो. त्या काळी त्यात कलमवार अटी असत. पगार किती, न्यायनिवाडा कोणाच्या कायद्याने, अधिकारी कोणी नेमावयाचे, मुदत किती, हे सर्व आधी लिहून ठरे आणि मगच नगारा वाजे. हा करार बहुधा पलटणीच्या मालकाशी होई. मालक हाच शब्द येथे योग्य आहे. कर्नल हा पलटणीचा केवळ नायक नसून धनी असे. भरती त्याने करावी, पोशाख त्याने पुरवावा, आणि त्यातून जो नफा-तोटा होईल तो त्याने सोसावा. आपल्याकडील शिलेदारी पथकाशी याचे काहीसे साम्य आहे.

शार्ल-दान्येल द म्यूराँ हा असा एक धनी होता. १७३८ साली जन्मलेला हा गृहस्थ नशातेल प्रांतातील. या प्रांताची गंमत अशी, की त्याचा राजा प्रशियाचा, भाषा फ्रेंच आणि स्नेहसंबंध स्विस संघाशी. तेथील माणसाला ‘तू कोणाचा?’ असे विचारले असता एका शब्दात उत्तर देणे कठीणच गेले असते. द म्यूराँ याने फ्रान्सच्या राजाच्या स्विस पलटणींत चाकरी केली होती. १७८० च्या अखेरीस इंग्लंड व हॉलंड यांच्यात युद्ध पेटले. डच, म्हणजे आपल्या जुन्या कागदपत्रांतील वलंदाज, यांच्या ईस्ट इंडिया कंपनीला आपली दूरदूरची ठाणी राखण्यासाठी माणसे हवी होती. मे १७८१ मध्ये द म्यूराँने त्या कंपनीशी करार करून सुमारे अकराशे शिपायांची पलटण उभी करण्याचे पत्करले. पलटणीला त्याचेच नाव मिळाले.

शिपाई सगळेच स्विस होते असे नाही. जर्मन होते, फ्रेंच होते. भरतीदाराच्या हाती जो लागला तो घेतला गेला. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरून ही मंडळी गलबतांत बसली, वाटेत रोगराईने अनेकांचा अंत झाला, आणि जानेवारी १७८३ मध्ये उरलेले आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप ऑफ गुड होप येथे उतरले. तेथे त्यांच्या हातून मोठेसे युद्ध घडले नाही. मात्र या पलटणीबरोबर आलेला लुई मिशेल तिबो नावाचा एक फ्रेंच अधिकारी पुढे केप टाऊनचा नामांकित वास्तुशिल्पी झाला. पलटणीने केपमध्ये काही जिंकले असेल तर एवढेच. १७८६ साली धनी युरोपात परतला आणि सूत्रे त्याचा भाऊ प्येर-फ्रेदेरिक याच्या हाती आली. १७८८ मध्ये पलटण सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला हलली.

सिलोनमध्ये सात वर्षे गेली. डच कंपनी तोवर कर्जात बुडाली होती. पगार थकत चालला होता. इतक्यात युरोपातील पट पालटला. १७९५ च्या आरंभी फ्रान्सच्या क्रांतिसेनेने हॉलंड व्यापले, तेथील सत्ताधीश इंग्लंडला पळाला आणि हॉलंड फ्रान्सच्या कच्छपी गेले. आता सिलोनमधील डच किल्ले फ्रेंचांच्या उपयोगी पडणार, हे इंग्रजांनी ताडले. कोलंबोचा तट मजबूत होता. परंतु त्या तटावर उभे असलेल्या युरोपियन शिपायांपैकी मोठा भाग द म्यूराँच्या माणसांचा होता. तेव्हा तट फोडण्यापेक्षा तटावरची माणसेच विकत घेतली तर?

ही कल्पना ज्याने तडीस नेली तो सेनापती नव्हता, मुत्सद्दीही नव्हता. ह्यू क्लेगहॉर्न हा स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूज विद्यापीठात इतिहासाचा प्राध्यापक होता. द म्यूराँशी त्याची पूर्वीची ओळख होती. इंग्लंडच्या मंत्र्यांनी त्याला गुप्तपणे नशातेलला धाडले. हॉलंड पडल्यावर डच कंपनीकडून आपली थकबाकी कधी वसूल होईल याची द म्यूराँला शाश्वती उरली नव्हती. ३० मार्च १७९५ रोजी दोघांनी करारावर सह्या केल्या. पलटण इंग्लंडच्या राजाच्या चाकरीत जावयाची, तिला इंग्रजी पलटणीसारखा पगार मिळावयाचा, आणि मागील देण्याचा भार इंग्लंडने उचलावयाचा, असा त्याचा मथितार्थ होता. ज्या शिपायांचे धनी नशातेलमधील एका दिवाणखान्यात बदलले, ते त्या क्षणी हजारो कोस दूर, डच निशाणाखाली, कोलंबोच्या बुरुजांवर पहारा करीत होते. त्यांना याचा गंधही नव्हता.

त्यानंतरचा प्रवास एखाद्या कादंबरीत शोभावा असा आहे. प्राध्यापक आणि कर्नल व्हेनिसहून निघाले, इजिप्तमध्ये उतरले, सुएझहून तांबड्या समुद्राच्या वाटेने सप्टेंबरात मलबार किनाऱ्यावर तेलिचेरीला पोहोचले. तोवर इंग्रजांनी सिलोनमधील त्रिंकोमाली घेतले होते. आता कोलंबोत असलेल्या भावाला ही बातमी डच गव्हर्नराच्या नकळत कळवावयाची होती. एका डच चीजच्या गोळ्यात पत्र दडवून ते आत धाडले, असे सांगतात. युद्धाच्या इतिहासात तोफगोळ्यांची नोंद पानोपानी सापडते. चीजचा गोळा मात्र विरळाच!

प्येर-फ्रेदेरिकपुढे खरा पेच होता. तो ज्यांचे अन्न खात होता त्यांच्याच किल्ल्यात बसून त्यांच्या शत्रूकडे जाण्याचा हुकूम त्याला आला होता, आणि हुकूम देणारा त्याचा ज्येष्ठ भाऊ व पलटणीचा कायदेशीर धनी होता. मग इंग्रज अधिकाऱ्याने उघडपणे कोलंबोत येऊन नव्या कराराचे कागद गव्हर्नर फान आंगेलबेक याच्यापुढे ठेवले. चाकरीचा करार धन्याने मोडला आहे. आता तुमचा या पलटणीवर हक्क नाही, असा त्याचा आशय. गव्हर्नराने पलटणीची वाट मोकळी केली. हजारभर सशस्त्र माणसांना त्यांच्या मनाविरुद्ध अडवून धरणे म्हणजे किल्ल्याच्या आतच दुसरी लढाई ओढवून घेणे होते. ऑक्टोबर १७९५ मध्ये हा व्यवहार पुरा झाला आणि फेब्रुवारी १७९६ मध्ये कोलंबो इंग्रजांच्या स्वाधीन झाले.

याला फितुरी म्हणावे काय? निकाल सोपा नाही. मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला येथे गारद्यांचे स्मरण होईल. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याने अखेरपर्यंत साथ सोडली नाही. आणि बाराच वर्षांनी, १७७३ साली, थकलेल्या पगाराची ओरड करीत गारदी शनिवारवाड्यात शिरले व नारायणराव पेशव्यांचा खून झाला. भाडोत्री शिपायाच्या निष्ठेची ही दोन टोके. द म्यूराँची पलटण त्यांच्या मधोमध उभी आहे. तिने कोणाचा खून केला नाही, किल्ल्याचा दरवाजा रात्री उघडून दिला नाही. तिने करारातील कलमावर बोट ठेवले. मात्र कायद्याने निर्दोष असणे आणि खाल्ल्या मिठाला जागणे या गोष्टी एकच नव्हेत. शिवाय, शिपायांची संमती कोणी विचारली? त्यांना मिळाला तो थकलेला पगार. ज्यांनी हजारो मैलांवर घर सोडले होते त्यांच्या दृष्टीने तो काही थोडा नव्हता.

त्याच वर्षी शार्ल-दान्येलने आपला दुर्मिळ वस्तूंचा संग्रह नशातेल नगराला दान केला. तेथील संग्रहालयाचा उगम त्यातच आहे. पुढे तो इंग्रजी सैन्यात जनरल झाला आणि १८०६ साली मायभूमीत वारला. प्येर-फ्रेदेरिकच्या वाट्यालाही एक निराळेच काम आले. मद्रासहून आलेल्या इंग्रज अंमलदारांनी सिलोनमध्ये नारळीच्या झाडांवर कर बसवून आणि गावोगावच्या मुदलियारांना बाजूस सारून १७९७ मध्ये बंड ओढवून घेतले. त्याची चौकशी करण्यास जी समिती नेमली तिचा अध्यक्ष हा स्विस सेनानी होता. जुनी पद्धत पूर्ववत करावी, असा तिने सल्ला दिला. महसुलाच्या कामात परक्या प्रांताचा नमुना जसाच्या तसा आणून लादला म्हणजे काय होते, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे. क्लेगहॉर्न सिलोनचा पहिला वसाहत-सचिव झाला.

पलटण मद्रास इलाख्यात आली आणि १७९९ मध्ये टिपूवरील स्वारीत सामील झाली. ४ मे रोजी श्रीरंगपट्टणवर जो हल्ला झाला त्यात तिच्या निवडक कंपन्या चढाई करणाऱ्या तुकड्यांबरोबर होत्या. उरलेली पलटण आर्थर वेलस्लीच्या हाताखाली राखीव दळात होती. हाच वेलस्ली पुढे असईच्या रणांगणावर मराठ्यांशी लढला आणि ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. फ्रेंच बोलणारे शिपाई तटाच्या आतही होते आणि बाहेरही होते, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे. विजयानंतर पलटणीचा मुक्काम श्रीरंगपट्टणास राहिला. लढाईत वाचलेल्यांपैकी कित्येकांना नंतर तापाने नेले.

१८०६ मध्ये पलटणीने हिंदुस्थान सोडला. तेव्हा १७८१ च्या भरतीतील फार थोडे लोक शिल्लक होते. पुढील सहासात वर्षे जिब्राल्टर, सिसिली, माल्टा अशा भूमध्य समुद्रातील ठाण्यांत गेली. रिकाम्या जागा भरण्यास स्विस मिळेनात, म्हणून नेपोलियनच्या सैन्यातील युद्धकैद्यांना घेतले गेले. जर्मन, पोलिश, इटालियन असा तो मेळा होता. नाव मात्र द म्यूराँच राहिले. १८१३ मध्ये अमेरिकेशी चाललेल्या युद्धासाठी तिला कॅनडात नेले, आणि सप्टेंबर १८१४ मधील प्लॅट्सबर्गच्या फसलेल्या मोहिमेत ती होती. युद्ध संपले, आणि १८१६ च्या उन्हाळ्यात पलटण मोडण्यात आली.

येथे हा इतिहास संपावयास हवा होता. परंतु स्कॉटिश उमराव लॉर्ड सेलकर्क याने कॅनडाच्या अंतर्भागात, रेड नदीच्या काठी, गरीब शेतकऱ्यांची वसाहत वसविली होती आणि तिच्यावर प्रतिस्पर्धी कातडी-व्यापाऱ्यांची वक्रदृष्टी होती. त्याने पलटणीतून मोकळे झालेले शंभराच्या आसपास शिपाई वेतन आणि जमीन यांच्या बोलीवर पदरी ठेवले. त्यांत काही दुसऱ्या एका स्विस पलटणीचेही होते. पुन्हा करार, पुन्हा नवा धनी! जून १८१६ मध्ये वसाहतीचा गव्हर्नर आणि त्याचे वीस साथीदार मारले गेल्याची वार्ता वाटेतच आली. ऑगस्टमध्ये या शिपायांच्या बळावर सेलकर्कने व्यापाऱ्यांचे फोर्ट विल्यम हे ठाणे घेतले. त्यांच्यातील एक टोळी भर हिवाळ्यात बर्फ तुडवीत पुढे गेली आणि जानेवारी १८१७ मधील एका रात्री शिड्या लावून तिने वसाहतीचा किल्ला रक्तपाताशिवाय परत मिळविला.

बोलीप्रमाणे त्यांना नदीकाठी जमिनी मिळाल्या. नांगराशी त्यांचा हात फारसा जमला नाही. तलवारीनंतर नांगर धरणे हे सर्वांनाच साधते असे नाही. १८२१ मध्ये स्वित्झर्लंडहून काही कुटुंबे तेथे आली, तेव्हा या जुन्या शिपायांनी त्यांच्यातील मुलींशी लगबगीने लग्ने लावली. परंतु १८२६ च्या महापुरात घरेदारे वाहून गेली आणि बहुतेकांनी दक्षिणेकडे अमेरिकेची वाट धरली.

त्यांच्यातील जर्मनभाषकांकडे पाहून धर्मोपदेशकांनी तेथील वस्तीला जर्मनांचा संत बोनिफेस याचे नाव दिले होते. ती वस्ती आज विनिपेग शहराचा भाग आहे, आणि तिच्यातील एका रस्त्याला ‘दे म्यूराँ’ म्हणतात. नशातेल हा १८१५ मध्ये स्विस संघाचा घटक झाला. १८४८ च्या राज्यघटनेने असे लष्करी करार करण्यास स्वित्झर्लंडमध्ये बंदी घातली, आणि १८५९ च्या कायद्याने परक्या सैन्यात भरती होणेही बंद केले.