पियानो आणि पडदा

अभिजात संगीतात मुरलेला कलावंत चित्रपटाकडे वळला की रसिक नाक मुरडतात. एरिख वोल्फगांग कोर्नगोल्डच्या वाट्याला हे पुरेपूर आले. व्हिएन्नात वाढलेल्या या मुलाने अकराव्या वर्षी पियानोवर रचलेले नृत्यनाट्य १९१० साली तेथील राजदरबारी नाट्यगृहात झाले. १९३४ मध्ये नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्टने त्याला हॉलिवुडला बोलाविले.

तेथील त्याची रीत पाहण्याजोगी होती. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर दृश्य सरके आणि हा पियानोशी बसून त्याला साजेसे स्वर उत्स्फूर्तपणे छेडीत जाई. पात्रांचे संवाद तो गायकाच्या ओळींसारखे मानी आणि त्यांना सांभाळून वाद्यमेळ चढवी-उतरवी. गायकामागे हार्मोनियमची साथ करणारा आपल्याकडचा वादक याहून निराळे ते काय करतो?

१९३८ च्या आरंभी ‘रॉबिन हूड’चे काम आले. हाणामारीचा चित्रपट आपल्या हातचा नव्हे, म्हणून प्रथम त्याने नकारच दिला. कोर्नगोल्ड ज्यू होता. मार्चमध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला, तेव्हा सुदैवाने तो अमेरिकेत होता. त्या चित्रपटाने त्याला ऑस्कर दिले आणि, त्याच्याच म्हणण्याप्रमाणे, प्राणही वाचविले.

पुढे चित्रपटांतल्याच सुरावटींतून त्याने व्हायोलिन कन्चेर्टो घडविला. १९४७ साली सेंट लुई येथे यशा हायफेट्झने तो प्रथम वाजविला. १९४९ मध्ये कोर्नगोल्ड व्हिएन्नाला गेला, पण स्वागत थंडेच झाले. १९५७ साली तो हॉलिवुडमध्ये निवर्तला. हायफेट्झची १९५३ ची ध्वनिमुद्रिका आजही ऐकावयास मिळते. तिच्यातले पडद्याचे स्वर कोणते आणि मैफलीचे कोणते, हे कोणी नुसत्या कानाने निवडून दाखवावे!