मुरगळलेला पाय आणि शिकत राहणारा हात

लोणखेड्याहून बोलतेय. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या.

शाळांच्या खो-खो, कबड्डीच्या स्पर्धा आल्या की कुठल्या तरी घरात पोर लंगडत येते. माझ्या पुतणीचंही तसंच झालं. घोटा टम्म सुजला. आम्ही तिला पाय बसवणाऱ्या एका काकांकडे नेलं. त्यांनी तेल लावून चोळलं, पाय ओढला. पोर किंचाळली. चार दिवसांनी एक्स-रे काढला, तेव्हा हाडाला तडा निघाला. काकांच्या मनात वाईट नव्हतं. पूर्वी शिकले तेच त्यांनी केलं. चूक आमचीही होती, आम्ही काहीच विचारलं नाही.

हाताने सांधे हलवून उपचार करणारे जगभर आहेत. त्यातली कायरोप्रॅक्टिक ही पद्धत १८९५ साली अमेरिकेत सुरू झाली. तिथे बहुतेक राज्यांत या लोकांना परवाना चालू ठेवायचा तर ठरावीक तास नवं शिक्षण घ्यावंच लागतं. एकदा पदवी मिळाली तरी शिकणं संपत नाही. का? कारण जे काल बरोबर वाटत होतं, ते आज तपासून पाहिलं की बदलतं.

बर्फाचंच घ्या. मार लागला की आराम, बर्फ, पट्टी आणि पाय उंच, हा मंत्र गेब मर्किन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ साली दिला. पुढे त्यांनीच सांगितलं, की बर्फ आणि पूर्ण आराम यांमुळे भरून यायला उशीर होऊ शकतो. स्वतःचा मंत्र स्वतःच बदलला! आता म्हणतात, पहिले एक-दोन दिवस पायाला जपा, पट्टी बांधा, पाय उंच ठेवा. मग दुखणं सांभाळत हळूहळू चालायला लावा. दुखणं कमी करायला बर्फ लावलाच, तर कापडात गुंडाळून, थोडाच वेळ.

आता घरात उपयोगी पडेल अशी गोष्ट. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ साली घोट्यासाठी साधे नियम मांडले. मुलीला चार पावलं टाकता येतात का? लंगडत टाकली तरी चालतील. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडाच्या उंचवट्यांवर, मागच्या कडेला, दाबल्यावर दुखतं का? चार पावलं जमत नसतील, किंवा हाडावरच दुखत असेल, तर आधी एक्स-रे. पाय वाकडा दिसत असेल किंवा बधिर झाला असेल, तर चाचणी करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. तोवर चोळणं नाही, ओढणं नाही.

हाड शाबूत आहे असं कळलं, की फिजिओथेरपिस्टला विचारून व्यायाम सुरू करा. सूज उतरल्यावर भिंतीजवळ एका पायावर तोल सांभाळत उभं राहणं, हा त्यातला सोपा व्यायाम. तो नेटाने केला तर तोच पाय पुन्हा मुरगळण्याची शक्यता कमी होते.

आणि उपचार करणाऱ्याला विचारायला लाजू नका: "तुमची नोंदणी आहे का? हाड मोडलेलं नाही हे कशावरून? अलीकडे यात नवीन काय शिकलात?" महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्याच्या परिषदेकडे होते. ज्याला खरंच येतं, तो अशा प्रश्नाने चिडत नाही.

हे सगळं का सांगतेय? मुलाचा पाय दुखावला की आपण म्हणतो, "बरा झाला की खेळेल." मुलीचा दुखावला की म्हणतो, "पुरे झाला तो खेळ." जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत आपल्या मुलींनी खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. संघाची कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. त्या मुलींचे पाय काय कधी दुखावले नसतील?

माझी पुतणी दोन महिने घरी होती. आता पुन्हा मैदानात धावते. पुढच्या बचत गटाच्या बैठकीत ती चार पावलांची गोष्ट एकमेकींना नक्की सांगा.

येते मी. नमस्कार!