दारामागची चिठ्ठी



डोंबिवलीस आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागें एक चिठ्ठी चिकटविलेली होती. तिच्यावर एवढेंच लिहिलेलें : ७-१२. तलाठ्याच्या दप्तराशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. ही आमची घर सोडण्याची वेळ. गाडी ७-२९ ची, स्टेशनापर्यंत चालावयास बारा मिनिटें आणि पूल चढून फलाटावर उतरावयास पांच. ही वजाबाकी रोज सकाळीं करावयाची कशाला, म्हणून उत्तरच लिहून ठेविलें. मी निवृत्त झालों, रोजचें जाणें सुटलें. पुढें वेळापत्रक बदललें आणि तीच गाडी ७-२४ ला सुटूं लागली. टिपणवहींत मीं ती वेळ त्याच दिवशीं सुधारली. चिठ्ठीकडे मात्र कोणी पाहिलें नाहीं.

कांहीं दिवसांनीं भाचीस परीक्षेसाठीं ठाण्यास पोंचवावयाचें होतें. आम्ही ठीक ७-१२ ला निघालों आणि फलाटावर पाय ठेवला तेव्हां गाडी जाऊन पांच मिनिटें झालीं होतीं. पुढची गाडी भरून आली. तिच्यांत शिरतां आलें नाहीं. पेपर सुरू झाल्यावर दहा मिनिटांनीं मुलगी वर्गांत बसली. "मामा, तुमच्या वहींत तर बरोबर होतं ना?" एवढेंच ती म्हणाली.

संगणकाच्या पोटांत अशा चिठ्ठ्या लाखोंनीं असतात. एकदां श्रम करून काढलेलें उत्तर जवळ ठेवावयाचें, म्हणजे पुन्हां कोणी विचारल्यास तें तत्काळ देतां येतें. या जवळच्या साठ्यास कॅश म्हणतात. उच्चार रोकडीचा असला तरी शब्द मूळ फ्रेंच असून त्यांत लपविण्याचा अर्थ आहे. केंब्रिजचे मॉरिस विल्क्स यांनीं १९६५ सालीं मोठ्या व मंद स्मरणापुढें एक लहान, चपळ स्मरण ठेवण्याची कल्पना मांडली, आणि १९६८ सालीं आय. बी. एम. कंपनीनें आपल्या ३६० मालिकेंतील ८५ क्रमांकाच्या यंत्रांत ती योजिली. साठा करणें सोपें आहे. उत्तरें एकमेकांवर उभीं राहूं लागलीं म्हणजे अडचण येते.

आपल्याच जिल्ह्याचें उदाहरण घ्या. २०११ च्या जनगणनेंत ठाणें जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ आणि क्षेत्रफळ ९,५५८ चौरस किलोमीटर. भागाकार केला कीं दर चौरस किलोमीटरास सुमारें १,१५७ माणसें येतात. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा वेगळा झाला. उरलेल्या ठाण्याचें क्षेत्रफळ ४,२१४ आणि त्या भागाची, त्याच गणनेंतली, लोकसंख्या ८०,७०,०३२. आतां समजा, एखाद्या यंत्रांत लोकसंख्या, क्षेत्रफळ व घनता हे तीनहि आंकडे साठविलेले आहेत, आणि कोणताहि मूळ आंकडा बदलतांच घनता पुन्हां मोजण्याची सूचना त्यास दिलेली आहे. क्षेत्रफळ प्रथम आलें. लोकसंख्या क्षणभरानें यावयाची आहे. त्या क्षणीं यंत्र जुन्या लोकसंख्येस नव्या क्षेत्रफळानें भागून सुमारें २,६२५ हें उत्तर देईल. हा आंकडा जुन्या ठाण्याचा नव्हे, नव्याचाहि नव्हे; असा जिल्हा पृथ्वीच्या पाठीवर कधींच नव्हता. खरा आंकडा सुमारें १,९१५. परंतु तेवढ्या क्षणांत कोणी त्या २,६२५ वरून पाण्याची किंवा दवाखान्यांची गरज मोजून आपल्या कोष्टकांत साठविली, तर मागाहून घनता सुधारली तरी ती गरज चुकीचीच राहील. शिळेपण असें पाझरत जातें.

यावर पहिला उपाय नोंदीचा : कोणतें उत्तर कशावरून काढलें, हें उत्तराशेजारींच लिहावयाचें. बेल प्रयोगशाळेंतील स्टुअर्ट फेल्डमन यांनीं १९७६ सालीं मेक नांवाचें साधन तयार केलें. कोणती फाइल कोणत्या फाइलींवरून बनते हें त्याला सांगून ठेवतात. मूळ फाइल तयार फाइलीहून नंतरची दिसली, कीं तें तेवढीच पुन्हां बनवितें. १९७९ सालच्या व्हिजिकॅल्क या कोष्टकाच्या आज्ञावलींत घरें आडव्या किंवा उभ्या ओळीनें एकामागून एक मोजलीं जात. वरचें घर खालच्यावर अवलंबून असलें तर पुन्हां मोजावयास सांगावें लागे. पुढच्या कोष्टकांनीं अवलंबनाचाच क्रम धरला. ज्यावर दुसरें टेकलें आहे तें अगोदर.

मला स्वतःस पसंत पडणारी रीत अशी. जे आंकडे एकत्र बदलतात ते एकत्रच आंत घ्यावे, मध्यें कोणास विचारूं देऊं नये. त्यांवर टेकलेल्या प्रत्येक उत्तरावर, आणि त्या उत्तरांवर टेकलेल्यांवरहि, 'शिळें' एवढी खूण करावी. मोजूं कांहींच नये. मग कोणी विचारील तेव्हां क्रमानें एकदांच मोजावें. ज्या उत्तराची कोणी चौकशीच करीत नाहीं त्याचे श्रम वांचतात. कित्येक जण खुणांची यातायात टाळून प्रत्येक उत्तरास मुदत घालतात, जसें वर्ष संपलें कीं आपण पंचांग बाजूस ठेवतों. हवामानाच्या अंदाजास तें चालतें. गाडीला चालत नाहीं, कारण वेळापत्रक आमच्या मुदतीची वाट पाहून बदलत नाहीं.

कोणी सांगितल्याशिवाय यंत्राला न कळणारीहि एक गोष्ट आहे. आमच्या चिठ्ठींतलीं बारा मिनिटें उन्हाळ्यांतलीं होतीं. जुलैंत रस्त्यावर पाणी सांचलें कीं तींच वीस होतात, आणि तें कुठेंच लिहिलेलें नव्हतें. जुनी चिठ्ठी भाचीनेंच खरवडून काढली. तिच्या जागीं तिनें लिहिलें आहे : गाडी वजा सतरा, पावसांत वजा पंचवीस, आणि खालीं, गाडीची वेळ मामांच्या वहींत पाहणें.